जुनी गाडी उभी करायचीय? मग आधी पत्रा शिका

आमच्या सांगलीतल्या वर्कशॉपला हल्ली डिप्लोमाची, आयटीआयची पोरं येतात. बहुतेकांच्या डोक्यात एकच असतं : आजोबांची प्रीमियर पद्मिनी मोटार किंवा गोठ्यामागं पडलेली जीप पुन्हा रस्त्यावर आणायची, आणि जमलं तर यातच पोट भरायचं. ही ओढ बघून मला मनापासून आनंद होतो. त्यासाठी पुण्या-मुंबईलाच गेलं पाहिजे असं अजिबात नाही. फक्त सुरुवात कुठून करायची ते नीट समजून घ्या.

येणारा जो तो आधी इंजिनाचं विचारतो. खरं तर इंजिन हा यातला सोपा भाग. पद्मिनीचं १०८९ सीसीचं असो की जुन्या ॲम्बॅसेडरचं १४८९ सीसीचं, आत सेन्सर नाही की कॉम्प्युटर नाही. पेट्रोल येतंय का, ठिणगी पडतेय का, कॉम्प्रेशन (सिलिंडरातला दाब) आहे का, एवढं क्रमानं तपासलं की बहुतेक दुखणी सापडतात. पॉइंटचंच, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या छोट्या स्विचचंच घ्या. डिस्ट्रिब्युटरचं (ठिणगी वाटणाऱ्या डब्याचं) झाकण काढायचं, इंजिन हातानं फिरवून कॅमचा उंचवटा पॉइंटच्या टाचेखाली आणायचा आणि फटीत फीलर गेजचं (फट मोजायच्या पट्ट्यांचं) पातं घालायचं. पद्मिनीला साधारण ०.४५ मिमी. पातं ओढताना किंचित अडलं पाहिजे, पण त्यानं पॉइंट उघडता कामा नये. स्क्रू आवळताना फट हलते, म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा मोजायची. थोड्या सरावानं हात बसतो.

बोअर, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग ही इंजिनाचे भाग यंत्रावर घासून नीट करायची कामं लेथवाल्यांची, आणि त्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि लोखंडी नांगर घडू लागले, तेव्हापासून या पट्ट्यात फौंड्री आणि टर्नर यांची परंपरा आहे. बाजारात न मिळणारा बुश (दांड्याभोवतीची धातूची नळी) नमुना दिला की आपल्या एमआयडीसीतला टर्नर करून देतो. (वालचंद कॉलेजच्या पोरांनी हेही लक्षात ठेवावं की पद्मिनी बनवणारी कुर्ल्याची प्रीमियर कंपनी त्याच वालचंद हिराचंदांनी काढली होती.)

खरा कस लागतो तो पत्र्यावर. पद्मिनीला जीपसारखी वेगळी चासी नसते. बॉडी हाच सांगाडा. दाराखालचा सिल किंवा तळाचा पत्रा सडला म्हणजे गाडीचं हाड सडलं. सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा-तिडवा पाइप वेल्डिंगच्या टाक्यांनी धरून घ्यावा लागतो. नाहीतर बॉडी खचते आणि नंतर कितीही रंग चढवला तरी दार बसत नाही. चेपलेला पत्रा काढताना मागं डॉली (हातात मावणारा पोलादी ठोकळा) धरून पुढून हलके ठोके द्यायचे. जास्त ठोकलं की पत्रा ताणतो, डबक डबक वाजायला लागतो, आणि मग गॅसनं छोटा ठिपका तापवून ओल्या फडक्यानं गार करत तो आखडून घ्यावा लागतो. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते मिरजेचे चाचा म्हणायचे, ‘हातोडी मारू नकोस रे, पडू दे तिला.’ मनगट सैल सोडायचं, एवढाच त्याचा अर्थ. पण ते अंगात मुरायला वर्षं जातात. असे मिस्त्री आता मोजकेच उरलेत आणि त्यांची पुढची पिढी या कामात नाही. म्हणूनच मी कळकळीनं सांगतो, पत्रा शिका. इंजिन खोलणारे पुष्कळ आहेत.

आयटीआयला वेल्डर किंवा शीट मेटल वर्कर हे ट्रेड दुय्यम समजले जातात. माझ्या मते या कामासाठी मोटार मेकॅनिकइतकेच तेही मोलाचे. सरावाला एकदम मोटार घेऊ नका. भंगारातली प्रिया स्कूटर घ्या. ती साताऱ्यातच महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात बनायची. पत्र्याची बॉडी, साधं टू-स्ट्रोक इंजिन, आणि घराच्या पडवीत मावते.

गाडी निवडताना ती कुठं उभी होती ते विचारा. महाबळेश्वर-पाचगणीकडची गाडी खालून खाल्लेली असते. जत-आटपाडीकडची खालून ठणठणीत, पण उन्हानं रबरं आणि रंग गेलेला. सांगलीत २००५, २०१९ किंवा २०२१ च्या पुरात बुडालेली असेल तर सिलच्या पोकळीत गाळ बसून आतून गंज चालू असतो. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक बॉडीवरून फिरवा. जिथं चिकटत नाही तिथं पुट्टीचा थर आहे.

पेट्रोलचंही बघा. आपल्याच ऊस पट्ट्यातलं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये वीस टक्के असतं. ते जुनी रबरं खातं आणि ओल धरतं. इंधनाचे पाइप आणि पंपाचा डायफ्राम (आतला लवचीक पडदा) इथेनॉलला टिकणारे घाला आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवा.

कागद नसतील तर गाडीला हात लावू नका. आरसीवरचा चासी नंबर गाडीशी जुळलाच पाहिजे. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार ५० वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपातल्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही.

पोटापाण्याचं म्हणाल तर पहिली काही वर्षं रोजचं डेंटिंग-पेंटिंग चालू ठेवा आणि कोपऱ्यात एकच जुनी गाडी घ्या. गिऱ्हाइकाला सगळ्या कामाची ठोक किंमत कधीच सांगू नका, कारण रंग खरवडल्याशिवाय आत किती सडलंय ते कुणालाच दिसत नाही. आधी फक्त गाडी खोलून तपासायचे पैसे ठरवा, प्रत्येक टप्प्याचे फोटो पाठवा, आणि रंगाचा दर पत्र्याचं काम संपल्यावरच बोला.