चोर्ला घाट उतरताना हायब्रिडचा ब्रेक

हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी घेऊन बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याला उतरताना ब्रेक शेवटच्या क्षणी कचकन दाबू नका. लांबूनच हलका दाबा. मग मोटरच वीज बनवणारा जनरेटर होऊन बॅटरी भरते. जोरात दाबलात की बरीचशी ऊर्जा चाकांच्या ब्रेकमध्ये उष्णता होऊन वाया जाते. बॅटरी भरत आली आणि गाडीत ‘बी’ (उतारावर इंजिनने गाडी रोखणारा गिअर) असेल, तर गिअर त्यावर घ्या. इंजिन गाडी रोखून धरतं, ब्रेक तापत नाहीत. सपाटीवर परत ‘डी’, म्हणजे नेहमीचा गिअर, हे विसरू नका. पेट्रोलची खरी बचत गावातल्या थांबत-थांबत चालण्यात होते, निपाणीकडच्या हायवेवर कमी. आणि मागच्या सीटजवळ बॅटरीला हवा देणारी जाळी असेल, तर ती मोकळी ठेवा. आमच्याकडे तिथे हमखास बाजाराची पिशवी टेकवली जायची.