घरच्या पूल टेबलाला पॉकेट किती मोठं ठेवावं

घरी पूल टेबल आणायचं ठरलं की पायांची नक्षी, पॉलिश आणि कापडाचा रंग यावर आठवडाभर खल होतो. पॉकेटचं माप मात्र दुकानदार ठरवतो. किंवा त्याहून वाईट, मोबाईलवर स्पर्धा बघणारा घरातला पोरगा ठरवतो: "बाबा, साडेचार इंचीच सांगा, प्रो लोकांचं तसंच असतं." रत्नागिरी ते वेंगुर्ले टेबलं बसवत फिरताना हे वाक्य इतक्या घरांत कानावर आलंय की मी आता सुरुवातच ते खोडण्यापासून करतो.

आधी जागा. 8 फुटी टेबलाभोवती 57 इंची क्यू, म्हणजे खेळायची काठी, मोकळेपणी मागे घ्यायची तर खोली साधारण साडेतेरा बाय सतरा फूट हवी. जुन्या माजघरात ते जमत नाही, खांब मध्ये येतो. तिथे 7 फुटी घ्या आणि विषय संपवा.

मग बॉल. पूलचा बॉल सव्वादोन इंच, म्हणजे 57.2 मिमीचा, स्नूकरचा 52.5. सेट टेबलाच्या आधी हातात असू द्या.

आता खरी भानगड, जिथे मी स्वतः बराच काळ अडखळत होतो: माप नेमकं कुठून कुठे घ्यायचं. दुकानात टेप लावतात ती बाहेरच्या भोकाला. त्याचा काही उपयोग नाही. सरळ येणारी कुशन, म्हणजे टेबलाच्या कडेची रबरी भिंत, जिथे पॉकेटकडे वळते, तिथे तिला एक टोक असतं. समोरासमोरच्या अशा दोन टोकांमधलं अंतर म्हणजे पॉकेटचं तोंड, आणि सांगायचं माप तेच. टेपवर भरवसा नसेल तर दोन बॉल एकमेकांना चिकटवून तोंडात ठेवा. जेमतेम बसले तर तोंड साडेचार इंच, कारण दोन बॉल मिळून 114 मिमीच होतात. करंगळी आत जाईल एवढी फट उरली, म्हणजे एक सेंटिमीटर, तर ते पावणेपाचच्या थोडं वर आहे.

आपल्याकडे आणखी एक घोळ आहे. बरीच टेबलं स्नूकरच्या धाटणीची येतात, कुशन पॉकेटपाशी गोलाईने वळवलेली. तिथे टोकच नसतं, मग "साडेचार" कुठून मोजलं ते बनवणाऱ्यालाही सांगता येत नाही. घरच्या पुलासाठी कुशन धारदार कापलेलीच मागा.

जागतिक पूल संघटनेच्या नियमांत कोपऱ्याचं तोंड साडेचार ते चार पूर्णांक पाच अष्टमांश इंच (114 ते 117 मिमी) आहे. त्या मोठ्या स्पर्धा 9 फुटी टेबलावर, कोरड्या, वातानुकूलित हॉलमध्ये होतात. आपलं टेबल जून ते सप्टेंबर भिंती घाम फोडत असताना उभं असतं. कोरड्या, नव्या कापडावर बॉल पॉकेटच्या जबड्याला, म्हणजे टोकापासून आत जाणाऱ्या तिरक्या बाजूला, लागला तरी घसरून आत जातो. ओलसर, मळलेलं कापड त्याला पकडतं. तो समोरच्या बाजूला उडतो, दोनदा खडखडतो आणि बाहेर येऊन थांबतो. म्हणजे पट्टीवर पॉकेट तेवढंच, खेळायला मात्र लहान.

यावर कॅरम खेळून वाढलेली मंडळी म्हणतात, एवढं मोठं कशाला? हिशेब बघा: कॅरमच्या पॉकेटचा व्यास 4.45 सेंमी, सोंगटी जास्तीत जास्त 3.18. दीडपटही नाही, आणि इथे दुप्पट. पण सोंगटीचा मध्य भोकाच्या कडेपलीकडे गेला की ती पडते. पुलात बॉलला दोन रबरी भिंतींमधून आख्खं पार व्हावं लागतं. ही तुलना सोडून द्या.

माझं माप ठरलेलं आहे. 8 फुटीला कोपऱ्यात 121 ते 124 मिमी. 7 फुटीवर शॉट आखूड असतात, तिथे 117 ते 121 चालतं. गणपतीत आणि शिमग्याला मुंबईचे चाकरमानी आले की सहावीतल्या पोरापासून आजोबांपर्यंत सगळे क्यू धरतात. साडेचार इंचावर एक डाव पाऊण तास रखडतो आणि मंडळी पत्त्यांकडे वळतात. ऑर्डर देण्याआधी जवळच्या शहरातल्या क्लबात जा, तिथल्या तोंडात दोन बॉल ठेवून माप बघा आणि एक बॉल लांब कुशनला चिकटवून कोपऱ्याकडे मध्यम जोरात मारा. दहातले तीन-चारही आत जात नसतील तर तुमच्या घराला ते पॉकेट नको.

शंका असेल तर मोठंच घ्या. मोठं पॉकेट पुढे आवळता येतं. लहान मोठं करायचं तर कुशनचं रबर आणि त्यामागचं लाकूड दोन्ही कापावं लागतं, आणि ते काम नीट करणारा कारागीर इथे सहज सापडत नाही. आवळतात ते जबड्यावर कडक रबराची पट्टी, म्हणजे फेसिंग, चढवून. पट्टी तिरकी बसत असल्याने हिशेब फसवा आहे: दोन्ही बाजूंना 3 मिमी वाढवलं की तोंड 6 नव्हे, जवळजवळ 7 मिमी कमी होतं. एका बाजूला एकूण 6 मिमीच्या वर जाड पट्टी मी लावत नाही, थरावर थर तर नाहीच. जबड्याचा कोन बिघडतो. कुशनची सरळ कड आणि जबडा यांच्यातला हा कोन कोपऱ्याला 142 अंश हवा. यात घसा, म्हणजे पॉकेटची आतली वाट, तोंडापेक्षा जरा अरुंद राहतो. कोन याहून वाढला तर घसा आणखी आवळतो आणि सरळ आलेला बॉलही बाहेर थुंकला जातो. कोणी "पट्ट्या मारून टाइट करून देतो" म्हणाला तर आधी कोन विचारा. उत्तर आलं नाही तर चहा पाजून वाटेला लावा.

मधली पॉकेटं कोपऱ्यापेक्षा अर्धा इंच मोठी. त्यांना हात लावू नका.

खाऱ्या हवेसाठी: कुशनच्या बोल्टांना ग्रीस, पॉकेटला चामड्याऐवजी नायलॉनची जाळी (चामड्याला पहिल्याच पावसाळ्यात बुरशी येते), आणि कापड डिसेंबर-जानेवारीत ताणून घ्यायचं. श्रावणात ताणलेलं कापड थंडीत वेगळंच वागतं.

ऑर्डरच्या कागदावर "स्टँडर्ड पॉकेट" असं लिहू देऊ नका. टोकापासून टोकापर्यंत इतके मिमी, कोपरा आणि मधलं वेगवेगळं, असं लिहून घ्या. टेबल उतरलं की सहाही तोंडांत दोन-दोन बॉल ठेवून बघा, उरलेले पैसे त्यानंतर द्या.