निवृत्तीनंतरही मोजता येईल असा वन-प्लॉट: वनशास्त्राच्या प्राध्यापकांसाठी

वनशास्त्राच्या प्राध्यापकाची नोकरी ३० वर्षांची धरली आणि कायमस्वरूपी प्लॉटची (म्हणजे तीच झाडे पुन्हा पुन्हा मोजण्यासाठी आखलेल्या जंगलाच्या तुकड्याची) मोजणी दर ५ वर्षांनी केली, तरी पहिली धरून ७ मोजण्या होतात. झाडे त्यानंतरही उभीच असतात. म्हणून प्लॉट असा आखावा की पुढच्या माणसाला तो तुम्हाला न विचारता सापडेल.

एका विभागाला १ हेक्टर झेपतो. १०० × १०० मीटरचा चौरस घ्या आणि आत २० × २० मीटरचे २५ चौरस पाडा. अंतर नेहमी आडवे धरायचे. २० अंशांच्या उतारावर आडवे २० मीटर मिळायला जमिनीलगत २१.२८ मीटर चालावे लागते. हे विसरले की प्लॉट ६ टक्के लहान होतो आणि हेक्टरी झाडांचा आकडा कमी येतो. प्रत्येक लहान चौरसाचा कर्ण २८.२८ मीटर भरला, तरच पुढे सरका. कोपऱ्यांवर धातूचे पाइप पुरा; प्लास्टिकचे वणव्यात वितळतात. फक्त जीपीएसवर विसंबू नका, झाडांच्या दाट छताखाली ते काही मीटर सहज चुकते. कोपऱ्यापासून दोन ठळक खुणांचे अंतर आणि दिशा वहीत हवी. हद्दीवरच्या झाडाच्या बुंध्याचा मध्य आत असेल तर झाड आत.

१० सेंटीमीटर व्यासाची आणि त्याहून जाड खोडे मोजा. मोजण्याची उंची १.३० मीटर, उतारावर ती वरच्या बाजूने धरतात. (काही देशांत १.३७ चालते. कोणतीही घ्या, पण वहीच्या पहिल्या पानावर लिहा.) त्या जागी रंगाची रेघ मारा आणि झाडाच्या क्रमांकाच्या बिल्ल्याचा ॲल्युमिनियमचा खिळा ३० सेंटीमीटर वर ठोका, कारण खिळ्याभोवती साल फुगते. खिळा २-३ सेंटीमीटर बाहेर ठेवा, नाहीतर काही वर्षांत झाड बिल्ला गिळते. फळीसारखी आधारमुळे असतील तर ती संपतात तिथून ५० सेंटीमीटर वर मोजा आणि ती उंची नोंदवा. वेली टेपखालून काढा, पण कापू नका. कापल्या तर प्लॉटमधले जंगल बाहेरच्यासारखे राहत नाही.

सगळ्यात जास्त घोळ टेपचा होतो. व्यासाची टेप खोडाभोवती गुंडाळली की थेट व्यास दाखवते, पण तिच्या दुसऱ्या बाजूला साधे सेंटीमीटर असतात. विद्यार्थ्याने चुकून ती बाजू वाचली की झाड तिपटीहून जाड होते. ही चूक लगेच दिसते. न दिसणारी चूक म्हणजे तिरकी टेप. वर्षाला २ मिलिमीटर वाढणारे झाड ५ वर्षांत १ सेंटीमीटरच जाड होते, त्यात अर्धा सेंटीमीटर टेपने खाल्ला तर उरले काय? म्हणून जुने आकडे नोंद करणाऱ्याकडे असावेत, टेप धरणाऱ्याकडे नव्हे. झाड आक्रसलेले दिसले तर तिथल्या तिथे पुन्हा मोजा. १० टक्के झाडे दुसऱ्या जोडीने, आधीचे आकडे न पाहता मोजावीत. मोजणी दर वेळी त्याच ऋतूत करा. पाणी भरपूर असताना खोड किंचित फुगते. मेलेल्या झाडाचा क्रमांक नव्याला कधीही देऊ नका.

अशा चिकाटीचे मोल मोठे असते. पनामातल्या बारो कोलोराडो बेटावरचा ५० हेक्टरचा प्लॉट १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून मोजला जातो आहे.

विभागप्रमुख किंवा अधिष्ठाता झालात की प्लॉटसाठी स्वतःचा वेळ उरत नाही, पण तरतूद हातात येते. फेरमोजणी संशोधन-निधीवर सोडू नका, कारण तो बहुधा ५ वर्षांच्या आतच संपतो. विभागाच्या नियमित खर्चात घाला. उत्तराधिकारी वेळेवर मिळेलच असे नाही, म्हणून निवृत्तीआधीची शेवटची मोजणी एखाद्या तरुण सहकाऱ्यासोबत करा. स्कॅन झाल्या तरी जुन्या वह्या ठेवा, कारण घाईत लिहिलेला १ की ९ हा वाद शेवटी मूळ पानावरच मिटतो.