'वॉक' कुठे लावायचा, कुठे नाही

नाशिकच्या सातपूरला माझा इंग्रजी बोलायचा छोटा क्लास आहे. बरीचशी मुलं एमआयडीसीतली, पहिली शिफ्ट उरकून येतात. परवा एकाने उशिराचं कारण सांगितलं, "मॅडम, माय वॉच इज नॉट वॉकिंग." सगळे हसले, पण ही चूक हसणाऱ्यांचीही आहे. आपलं घड्याळ चालतं, दुकान चालतं, डोकं चालत नाही आणि चहा संपला असेल तर कॉफीही चालते. इंग्रजीत घड्याळ 'वर्क' करतं, दुकान चांगलं चालत असेल तर 'डुइंग वेल', आणि कॉफी 'इज फाइन'. तेव्हा आधी बघायचं, चालणाऱ्याला पाय आहेत का?

उच्चारात 'ल' गिळायचा, टॉक, चॉकसारखाच.

'बाय वॉक' तर आजच सोडा. सीबीएस बसस्थानकावरून शालिमारला पायी आलात तर 'आय केम ऑन फूट', नाहीतर सरळ 'आय वॉक्ड'.

आता माझीच फजिती. सकाळी मी सासूबाईंना गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर फिरायला नेते (हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान हे त्याचं खरं नाव, पण रिक्षावाल्याला गोल्फ क्लबच सांगावं लागतं). पुतण्याच्या अमेरिकन बायकोला मी ऐटीत सांगितलं, "आय वॉक माय मदर-इन-लॉ एव्हरी मॉर्निंग." तिने विचारलं, "ऑन अ लीश?" लीश म्हणजे कुत्र्याचा पट्टा! माणसाबद्दल बोलताना कुठवर सोडलं ते जोडायचं: 'आय वॉक्ड हर होम', 'टू द गेट'. नुसतं फिरवणं असेल तर 'आय टेक हर फॉर अ वॉक'. सासूबाईंना हे अजून सांगितलेलं नाही.

खरी गंमत मागून येणाऱ्या शब्दात आहे. 'वॉक आउट' म्हणजे विधानसभेतला सभात्याग. पण त्याला 'ऑन' चिकटला की बायकापोरांना वाऱ्यावर सोडून जाणं. 'वॉकओव्हर' म्हणजे पेपरात खेळाच्या पानावर छापतात ती 'पुढे चाल'. हा शब्द घोड्यांच्या शर्यतीतला: एकच घोडा उरला तरी त्याने मैदान चालून पार करायचं, मग तो विजयी. 'वॉक-इन इंटरव्ह्यू'ला वेळ ठरवून जावं लागत नाही; जाहिरातीतल्या वेळात फाइल घेऊन थेट हजर व्हायचं. बोलाचीच कढी न वाढणारा माणूस 'वॉक्स द टॉक'. 'केकवॉक' म्हणजे हातचा मळ. अमेरिकेतल्या गुलाम कृष्णवर्णीयांच्या एका नाचावरून तो आला, ज्यात जिंकणाऱ्या जोडीला केक मिळे.

क्रिकेटवाल्या पोरांना मात्र एकच उदाहरण पुरतं. 2003च्या विश्वचषकाची उपांत्य फेरी, श्रीलंकेविरुद्ध ऑस्ट्रेलियाचा गिलख्रिस्ट. अंपायरने बाद दिलं नव्हतं, तरी हा आपणहून निघाला. 'ही वॉक्ड.' पुढे काही जोडायची गरजच नाही.

सरावासाठी दिवसभरात तोंडून निघालेली 'चालणे'ची दहा वाक्यं वहीत लिहा आणि प्रत्येकाचं इंग्रजी करा. घड्याळवाल्याने काल आणलेल्या दहांत 'वॉक' एकदाच आला होता, तोही पंचवटीतून रामकुंडाकडे जाताना.