पितृपक्षात घरी तर्पण कसे करावे

भाद्रपद कृष्ण प्रतिपदेपासून अमावास्येपर्यंतचा पंधरवडा म्हणजे पितृपक्ष. या काळात श्राद्ध कोणत्या दिवशी करावे हे प्रथम निश्चित करावे लागते. मृत्यू कोणत्याही महिन्यात वा पक्षात झालेला असला, तरी त्याची तिथी येथे धरतात. सवाष्ण गेलेल्या स्त्रीसाठी अविधवा नवमी, शस्त्राने किंवा अपघाताने मृत्यू आलेल्यांसाठी चतुर्दशी आणि तिथी ठाऊक नसल्यास सर्वपित्री अमावास्या असते. श्राद्धाची तिथी अपराह्णकाळावरून, म्हणजे दुपारनंतरच्या वेळेवरून, ठरत असल्याने केवळ सूर्योदयाची तिथी पाहून दिवस ठरवू नये. पंचांगात दिलेला श्राद्धाचा दिवस पाहावा.

तर्पणासाठी ताम्हन, पाण्याचा तांब्या, काळे तीळ आणि दर्भ एवढे पुरते. स्नान करून, अनामिकेत दर्भाचे पवित्रक घालून दक्षिणेकडे तोंड करून बसावे. जानवे असल्यास ते उजव्या खांद्यावर घ्यावे. यालाच अपसव्य म्हणतात. ओंजळीत तीळमिश्रित पाणी घेऊन ते अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून, म्हणजे पितृतीर्थाने, ताम्हनात सोडावे. वडील वसुरूप, आजोबा रुद्ररूप आणि पणजोबा आदित्यरूप मानून प्रत्येकाचे नाव व गोत्र उच्चारावे आणि ‘स्वधा नमस्तर्पयामि’ म्हणत तीन-तीन वेळा पाणी द्यावे. त्यानंतर आई, आजी, पणजी आणि आईच्या माहेरचे पूर्वज येतात. ज्यांचे वडील हयात आहेत त्यांनी पितृतर्पण करू नये, असा रूढ नियम आहे.

माझ्या मते या विधीचा गाभा नावे उच्चारण्यात आहे. पणजीचे नाव पुष्कळ घरांत कोणालाच सांगता येत नाही. म्हणून घरातील वडीलधाऱ्यांना वेळीच विचारून दोन्ही कुळांतील तीन पिढ्यांची नावे, गोत्र आणि मृत्युतिथी एका वहीत लिहून ठेवावी. गोत्र माहीत नसेल तर काश्यप गोत्र म्हणण्याची प्रथा आहे.

पिंडदानासह संपूर्ण श्राद्ध करायचे असल्यास गुरुजींना बोलवावे. स्वयंपाकात खीर, वडे, आमसुलाची चटणी आणि घराण्याच्या रिवाजाप्रमाणे भाज्या असतात. जेवणापूर्वी गाय, कावळा आणि कुत्रा यांच्यासाठी घास काढून ठेवतात. स्वयंपाक करणे शक्य नसेल तर तांदूळ, डाळ, पीठ, तूप, गूळ असा कोरडा शिधा द्यावा. त्याला आमश्राद्ध म्हणतात आणि शास्त्राने ते मान्य केले आहे.