शार्कुटरी बोर्ड घरी मांडताय? या चुका टाळा

शार्कुटरी बोर्ड म्हणजे खारवलेलं मांस, चीज, फळं, क्रॅकर असं सगळं एका फळीवर मांडलेलं ताट. पहिल्यांदा बोर्ड मांडला तेव्हा मी हौसेने सकाळीच सगळं सजवून, वर प्लास्टिकची पातळ फिल्म ताणून फ्रिजमध्ये ठेवून दिलं होतं. संध्याकाळी फिल्म काढली, फोटो निघाले, कौतुक झालं. मग मैत्रिणीने क्रॅकर उचलला तर तो तुटेना, नुसता वाकला. धुतलेली द्राक्षं त्याला खेटून होती ना! ब्री चीज साबणाच्या वडीसारखं घट्ट, आणि सलामीच्या (मसालेदार खारवलेल्या सॉसेजच्या) चकत्यांची एकच थप्पी झालेली. धड खाण्यासारखे तेवढे ऑलिव्ह होते.

आता वाटतं, त्या दिवशीच्या बहुतेक चुका दोनच गोष्टींच्या होत्या: ओलावा आणि वेळ.

क्रॅकर आणि ब्रेडच्या भाजलेल्या चकत्या शेजारचा ओलावा भराभर ओढून घेतात. म्हणून त्या अगदी शेवटी, पाहुणे आल्यावरच ठेवायच्या. द्राक्षं, स्ट्रॉबेरी धुऊन कापडावर पसरून पार कोरडी करा. ऑलिव्ह आणि गर्किन (लोणच्यातल्या छोट्या काकड्या) निथळून वाटीत; मध, जॅमही वाटीतच. सफरचंदाच्या फोडी काळ्या पडू नयेत म्हणून लिंबाच्या पाण्यात बुडवता ना, त्याही पुसून घ्या. क्रॅकर मऊ पडलेच तर 150 अंशांवर ओव्हनमध्ये पाचेक मिनिटं ठेवा. गार झाले की पुन्हा कुरकुरीत होतात.

वेळेचं गणित जरा किचकट आहे, कारण चीज आणि मांस यांची तऱ्हा वेगळी. गार चीजमधली चरबी घट्ट असते, वास आणि चव दोन्ही दबून राहतात. चेडार, गौडा यांसारखं कडक चीज तासभर आधी बाहेर काढा, ब्री किंवा कॅमेम्बर्टसारखं मऊ चीज अर्धा-पाऊण तास. प्रोशुट्टोच्या (खारवून वाळवलेल्या इटालियन हॅमच्या) पातळ चकत्या मात्र गार असतानाच सुट्या करायच्या. ऊब लागली की चरबी मऊ होते आणि चकती सोडवताना फाटते. एकेक चकती सैलसर दुमडून ठेवली की उचलायला सोपी जाते. (सलामीचं गुलाब करण्याच्या भानगडीत मी आता पडत नाही. ते उचलताना सगळं सुटतं.)

खरी गफलत पुढे होते. नाशवंत पदार्थ बाहेर फार तर 2 तास ठेवावेत; हवा 32 अंशांच्या वर असेल तर 1 तास. हे घड्याळ पाहुणे आल्यावर नाही, पदार्थ फ्रिजबाहेर आला की सुरू होतं. म्हणजे मऊ चीजचा अर्धा तास आधीच खर्च झालेला असतो. त्यामुळे मी बोर्ड लहान ठेवते आणि संपेल तसं भरते. मुदत उलटून उरलेलं मांस आणि मऊ चीज परत फ्रिजमध्ये ढकलू नका, टाकून द्या. जीवावर येतं, पण इलाज नाही.

तसंही आपण आणतोच फार. जेवणाआधी माणशी 50-60 ग्रॅम मांस आणि तेवढंच चीज पुरतं. बोर्ड हेच जेवण असेल तर दुप्पट धरा. पाच प्रकारची सलामी आणण्यापेक्षा एक मऊ, एक कडक, एक ब्लू चीज (निळ्या बुरशीचं, उग्र वासाचं) आणि दोन प्रकारचं मांस बरं.

अख्खं चीज ठेवलं की पहिली सुरी कोणी लावत नाही, सगळे संकोचतात. आपणच एक फोड कापून ठेवावी. ब्रीची पांढरी साल खाता येते. गौडावरचं मेण मात्र काढायचं. ब्लू चीजला वेगळी सुरी द्या, नाहीतर तासाभरात सगळ्याच चीजला एकच वास.

शाकाहारी पाहुण्यांचा बोर्ड आणि सुऱ्या वेगळ्या ठेवा, आणि त्यावर पार्मिजानो रेजानो हे इटालियन कडक चीज नको, कारण त्यात दूध घट्ट करायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरलेलं असतं. कोणी गरोदर असेल तर कच्च्या दुधाचं मऊ चीज आणि न शिजवलेलं खारवलेलं मांस त्यांना देऊ नका. लिस्टेरिया या जीवाणूचा धोका असतो. सुकामेव्याची ॲलर्जी आहे का, हे बोलावतानाच विचारून घ्या.

लाकडी बोर्ड पाण्यात भिजत टाकला तर तडकतो. धुऊन लगेच पुसा आणि उभा करून वाळवा. अधूनमधून खाद्य दर्जाचं मिनरल ऑइल चोळा. स्वयंपाकाचं तेल लाकडात मुरून खवट होतं, आणि मग पुढच्या वेळी तोच वास ब्रीला.