प्राथमिक सेवेतील स्टेरॉइडच्या वापराचा आढावा कसा घ्यावा

दवाखान्यात स्टेरॉइड कसे वापरले जाते हे पाहायचे असेल, तर नुसत्या चिठ्ठ्या मोजून फारसे हाती लागत नाही. पाच दिवसांची एकेक चिठ्ठी सुटी वाचली की ती बहुधा रास्तच वाटते. दोष दिसतो तो एकाच रुग्णाच्या वर्षभराच्या चिठ्ठ्या ओळीने मांडल्यावर. म्हणून गेल्या बारा महिन्यांत तोंडावाटे किंवा इंजेक्शनने स्टेरॉइड घेतलेल्या सर्व रुग्णांची यादी आधी करावी. इनहेलर आणि मलमे यांची यादी वेगळी ठेवावी.

नंतर प्रत्येक मात्रा प्रेडनिसोलोन या नेहमीच्या वापरातील स्टेरॉइडच्या मापात आणावी. ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन म्हणजे साधारण ४ मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन, ६ मिलिग्रॅम डिफ्लाझाकॉर्ट, २० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन किंवा ०.७५ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन. या हिशोबाने डेक्सामेथासोनचे ८ मिलिग्रॅमचे एक इंजेक्शन ५० मिलिग्रॅमहून अधिक प्रेडनिसोलोनइतके भरते, आणि नोंदीतून नेमके तेच सर्वाधिक निसटते. दम्याच्या रुग्णाला रोज ४० मिलिग्रॅम याप्रमाणे पाच दिवस औषध दिले, तर एका कोर्सचे २०० मिलिग्रॅम होतात. असे पाच कोर्स झाले की बेरीज १ ग्रॅमवर जाते. आयुष्यभरात ०.५ ते १ ग्रॅम एवढ्या एकूण मात्रेपासूनच मधुमेह, मोतीबिंदू आणि हाडांची झीज यांचा धोका वाढलेला आढळतो, त्यामुळे ‘थोडेच दिवस दिले’ हा दिलासा पुरेसा नाही.

प्रत्येक नोंदीपुढे कारण लिहावे. दम्याचा किंवा सीओपीडीचा (श्वासनलिका अरुंद होण्याचा फुप्फुसांचा दीर्घकालीन आजार) झटका असेल, तर कोर्स योग्यच. पण वर्षात असे दोन कोर्स लागले असतील, तर इनहेलर रोज घेतला जातो का आणि ओढण्याची पद्धत बरोबर आहे का, हे रुग्णाला समोर करून दाखवायला सांगून तपासावे. दमा नसलेल्या माणसाचा साधा खोकला, सर्दी, नुसता थकवा, निदान न झालेला ताप किंवा कंबरदुखी अशा कारणांपुढे स्टेरॉइड दिसले, तर ती नोंद लाल शाईने अधोरेखित करावी. तापात ते संसर्गाची लक्षणे झाकते आणि निदान लांबवते, हे माझ्या मते सर्वांत गंभीर आहे.

तीन आठवड्यांहून अधिक काळ औषध चालू असलेल्या रुग्णांकडे स्वतंत्रपणे पाहावे. अशा रुग्णांच्या अधिवृक्क ग्रंथी (मूत्रपिंडांवरच्या, शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड बनवणाऱ्या) मंदावलेल्या असू शकतात, म्हणून औषध एकदम बंद न करता मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवावी आणि आजारपणात किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी ती वाढवावी लागू शकते, हे रुग्णाला लेखी द्यावे. पाच-सात दिवसांच्या एखाद्या कोर्सनंतर मात्र मात्रा उतरवत नेण्याची सहसा गरज नसते. रोज २.५ मिलिग्रॅम किंवा अधिक प्रेडनिसोलोन तीन महिने वा त्याहून जास्त चालणार असेल, तर हाडांच्या धोक्याचे मूल्यमापन सुरुवातीलाच करावे. रक्तशर्करा, रक्तदाब आणि डोळे यांची तपासणीही ठरवून घ्यावी.

मलमांच्या यादीत एकच प्रश्न विचारावा: नायट्यावर स्टेरॉइडयुक्त मलम गेले आहे का? त्याने खाज लगेच थांबते, बुरशी मात्र पसरत राहते आणि चट्टा ओळखू येईनासा होतो.

चिठ्ठीशिवाय घेतलेले औषध कोणत्याही यादीत सापडत नाही. त्यासाठी रुग्णाला घरातील सर्व गोळ्या, मलमे आणि रिकामी पाकिटे घेऊन बोलवावे, आणि त्यांत स्टेरॉइड आढळल्यास ते तिथेच एकदम थांबवायला न सांगता आधी किती दिवस आणि किती मात्रेत घेतले, याची विचारपूस करावी.